तरुणींचा विषाद आणि त्याआधीचे अनवस्थितचित्तत्व

विषादाची लक्षणे घेऊन येणाऱ्या तरुण मुली आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात येतात. त्यांच्या चिकित्सेत माझ्याकडून घडलेली एक चूक या लेखात मांडण्याचे योजिले आहे. ती चूक माझ्या एकटीची नसावी असा मला दाट संशय आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी चिखली तालुक्यातील एका खेड्यातून एकवीस वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दहावीला उत्तम गुण, बारावीला बरे, आणि पुढे अकोल्याला वसतिगृहात राहून पदवीचे शिक्षण घेताना दुसऱ्या वर्षी तीन विषय राहिलेले. सारखे रडू येणे, रात्री झोप न लागणे आणि सकाळी न उठवणे, अन्नावर वासना नाही, कशातच रस नाही, ‘मी घरच्यांना ओझे झाले’ हे पालुपद. हिमोग्लोबिन नऊ. मी केसपेपरवर विषाद लिहिले, पांडू लिहिले, वातप्राधान्य लिहिले. लोहकल्प, सारस्वतारिष्ट, अश्वगंधा, रात्री दुधाबरोबर एक औषध, अनशापोटी एक, शिवाय पादाभ्यंग आणि नस्य असा भरगच्च चिकित्साक्रम योजून दिला. सहा आठवड्यांत झोप सुधारली, चेहरा उजळला. आई पेढे घेऊन आली. चार महिन्यांनी मुलगी पुन्हा त्याच अवस्थेत समोर बसली होती.

असे दीड वर्षात तीनदा झाले. तिसऱ्या वेळी मी औषधांची चौकशी केली, तेव्हा अर्ध्याहून अधिक मात्रा चुकलेल्या निघाल्या. बाटल्या वसतिगृहातल्या कपाटात तशाच होत्या. मी रागावले. ‘औषधच नियमित घेत नाहीस, मग गुण कसा येणार? इतका निष्काळजीपणा बरा नव्हे,’ असे मी तिला सुनावले. ती काही बोलली नाही. पुष्कळ नंतर तिने मला सांगितले, की हे वाक्य घरी, शाळेत आणि वसतिगृहात ऐकून झाले होते, दवाखान्यात तेवढे ऐकायचे राहिले होते.

त्या दिवशी योगायोगाने आजीही सोबत होती. ती दारातूनच म्हणाली, ‘म्याडम, इचं मन लहानपणापासूनच थाऱ्यावर नसते जी. चहा ठेवला का चहा उतू, विहिरीवर गेली का दोर तिथंच.’ आईने तिला गप्प केले. मीही ते बोलणे कौतुकाचे समजून सोडून दिले असते. पण ‘लहानपणापासून’ हा शब्द मनात राहिला. पुढच्या खेपेस मी शाळेची प्रगतिपुस्तके मागविली. तिसरीपासून आठवीपर्यंत पाच निरनिराळ्या शिक्षकांचे शेरे, आणि सर्वांचा आशय एकच : हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते, वह्या अपूर्ण राहतात, वस्तू हरवते. मुलगी दंगेखोर नव्हती, त्यामुळे त्या शेऱ्यांपुढे कोणी गेले नव्हते. मी तिला मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी तिची आणि आईची स्वतंत्र मुलाखत घेतली आणि दोन निदाने केली. एक विषादाचे, जे मी केले होते. दुसरे अवधानन्यूनता व अतिचंचलता या विकाराचे, ज्यास आता सर्वत्र एडीएचडी म्हणतात. विषाद तीन वर्षांचा होता. दुसरा विकार तिच्या शालेय वयापासूनचा होता.

घरी आल्यावर मी चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानातील विसाव्या, म्हणजे महारोगाध्यायातील ऐंशी वातज नानात्मज विकारांची यादी आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली आहे आणि परीक्षेनंतर विसरलेली आहे. त्या यादीच्या शेवटच्या भागात विषाद येतो. त्यानंतर अतिप्रलापादी काही विकार येतात, मग अस्वप्न, आणि सर्वांत शेवटी अनवस्थितचित्तत्व. आजीने ज्याला मन थाऱ्यावर नसणे म्हटले, त्याचा याहून नेमका संस्कृत पर्याय मला सुचत नाही. माझी रुग्णा त्या यादीच्या शेवटच्या ओळींतच बसली होती. मी त्यातील दोन शब्द वाचले आणि तिसरा वाचायचा राहिला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चरकाचार्यांना एडीएचडी ठाऊक होता, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. प्रत्येक आधुनिक निदानाला एक संस्कृत शब्द चिकटवून ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याची जी खोड आपल्या व्यासपीठांवर दिसते, तिच्यामुळे रुग्णाचा काडीचाही लाभ होत नाही. त्या यादीत लक्षणांची नावे आहेत, एका जन्मजात विकाराचे वर्णन तेथे नाही. परंतु विचाराची एक चौकट मात्र आपल्याकडे निश्चित आहे, आणि ती या प्रश्नाला चपखल लागू पडते. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात निदानार्थकर रोगांचे विवेचन आहे. एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे कारण होतो, जसा ज्वराच्या संतापातून रक्तपित्त होतो. काही व्याधी दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः शमतात, तर काही दुसऱ्याला जन्म देऊनही स्वतः तसेच राहतात. या दुसऱ्या प्रकारात केवळ नव्या व्याधीची चिकित्सा करीत राहणाऱ्या वैद्याच्या पदरी काय पडते, ते मी दीड वर्ष अनुभवले.

मुलींच्या बाबतीत हा मूळ व्याधी दृष्टीआड का राहतो, याचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, आणि त्याच्यासमोरही प्रामुख्याने मुलगेच होते. पुढे कित्येक दशके ‘वर्गात जागेवर न बसणारा मुलगा’ हेच या विकाराचे चित्र राहिले. अतिचंचलता नसतानाही केवळ अवधानाची न्यूनता असू शकते, ही गोष्ट अमेरिकन मानसरोग संघटनेच्या वर्गीकरणात 1980 साली आली. 1994 च्या आवृत्तीत लक्षणे सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत अशी अट होती. 2013 च्या आवृत्तीत ती मर्यादा बाराव्या वर्षापर्यंत वाढविण्यात आली आणि प्रौढांसाठी लक्षणसंख्येची अटही सैल झाली. बालवयात चिकित्सालयांत येणाऱ्यांत मुलगे पुष्कळ अधिक असतात, तर प्रौढ वयात हे अंतर बरेच कमी होते. यावरून लहानपणी मुलींना हा विकार होतच नाही असे निघत नाही. त्यांना कोणी तपासावयास आणत नाही, असा अर्थ निघतो.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. शांत, खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी शिक्षकांना त्रास देत नाही. घरी मात्र तिची परीक्षा मुलापेक्षा लवकर सुरू होते. मुलाची वही हरवली तर तो मुलगा आहे म्हणून विषय संपतो. मुलीने दूध उतू घातले, भाकरी करपवली, निरोप विसरला, की ती वेंधळी, धांदरट, अजागळ ठरते, आणि ‘हिला संसार कसा जमणार’ हे वाक्य तिच्या दहाव्या वर्षापासून तिच्या कानावर पडू लागते. हुशार मुली यावर उपाय शोधतात. रात्री जागून अभ्यास पुरा करणे, दप्तर चार वेळा तपासणे, मैत्रिणीच्या वह्यांवर विसंबणे, सतत हसून वेळ मारून नेणे. त्यात आई पाठीशी असते. उठवते, आठवण करते, डबा भरते, फॉर्मची तारीख लक्षात ठेवते. दहावी-बारावीपर्यंत हा गाडा आईच्या खांद्यावर चालतो. मग मुलगी अकोल्याला, लातूरला, पुण्याला वसतिगृहात जाते, किंवा तिचे लग्न होते, आणि तो खांदा एका दिवसात निघून जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. अशा मुलीच्या बाबतीत तर तिचे मन थाऱ्यावर का नाही, हा प्रश्न विचारणारे सासरी कोणी असण्याची शक्यताच कमी.

कोसळणे येथे होते. आणि त्यास केवळ ‘परिस्थितीचा ताण’ म्हणून चालणार नाही. अमेरिकेतील बिडरमन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एडीएचडी असलेल्या मुलींत पुढे गंभीर विषाद होण्याचा धोका इतर मुलींच्या अडीचपट आढळला. शिवाय तो विषाद कमी वयात सुरू झालेला, अधिक काळ टिकणारा आणि अधिक तीव्र होता. कॅलिफोर्नियातील हिन्शॉ यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या 140 आणि नसलेल्या 88 मुलींचा दहा वर्षे पाठपुरावा केला. 2012 साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, लहानपणी अवधानन्यूनता आणि अतिचंचलता दोन्ही असलेल्या मुलींपैकी 22 टक्के मुलींनी तरुण वयापर्यंत आत्महत्येचा प्रयत्न केला होता. विकार नसलेल्या मुलींत हे प्रमाण 6 टक्के होते. ही आकडेवारी परदेशातील आहे, हे खरे. पण आपल्याकडील एक आकडा तिच्या शेजारी ठेवून पाहावा. 2016 साली जगभरात आत्महत्येने मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी 36.6 टक्के स्त्रिया भारतीय होत्या. आपला जिल्हा तर शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत होता. मरणाची चर्चा आपल्याला नवी नाही. मुलींच्या मरणेच्छेची चर्चा मात्र आपण आजही ‘प्रेमप्रकरण असेल’ एवढ्यावर मिटवतो.

या दोन व्याधींचा संबंध कसा जुळतो? काही भाग बीजदोषाचा आहे. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, आणि त्याची व विषादाची बीजे काही प्रमाणात समान असतात, असे आता मानले जाते. उरलेला भाग वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा. कतिधापुरुषीय अध्यायात मनाची कर्मे सांगितली आहेत, त्यांत इंद्रियांवरील नियंत्रणाच्या बरोबरीने स्वतःचा निग्रह हेही एक कर्म आहे. तेच ज्याला मुळात कठीण जाते, त्या मुलीला प्रत्येक जण ‘मनावर घे’ असा उपदेश करतो. ती मनावर घेते, पुन्हा चुकते, आणि काही वर्षांनी स्वतःच अशा निष्कर्षाला येते की आपण आळशी आणि नालायक आहोत. तिचा विषाद या निष्कर्षावर पोसला जातो. त्यामुळे औषधाने झोप व भूक सुधारली तरी निष्कर्ष तसाच राहतो, आणि पुढच्या परीक्षेला किंवा पुढच्या विसरलेल्या निरोपाला विषाद परततो.

उलट बाजूचीही दखल घेतली पाहिजे. विषादात एकाग्रता जातेच. निद्रानाशाने जाते, थायरॉइडच्या विकाराने जाते, आणि पांडूने तर जातेच. वरील सर्वेक्षणातच महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांत पांडू आढळला आहे, तेव्हा लोहकल्प देण्यात मी काही गैर केले नाही. हल्ली मोबाइलवरील दोन मिनिटांची चित्रफीत पाहून ‘मला एडीएचडी आहे’ असे सांगत येणाऱ्या मुलीही भेटतात. अभिनेत्री आलिया भट्ट यांनी 2024 साली स्वतःच्या या निदानाविषयी मोकळेपणाने सांगितले, त्यानंतर हा शब्द आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचला, हे चांगलेच झाले. परंतु विचलित होणाऱ्या प्रत्येकीला हा विकार नसतो. भेद करण्यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न आपल्याच शास्त्रातला आहे, तो म्हणजे काळाचा. केव्हापासून? विषादातील विस्मरण मुलीला आठवते तेव्हापासूनचे नसते. ‘आधी मी अशी नव्हते’ असे ती सांगते. मूळ विकार असलेली मुलगी बहुधा म्हणते, ‘मी पहिल्यापासून अशीच आहे.’ हे उत्तर मिळाले की आई, आजी, जुने शिक्षक, प्रगतिपुस्तके यांची साक्ष काढावी. लक्षणे घरी व शाळेत, दोन्हीकडे होती का, हे पाहावे. पुढचे निदान मानसरोगतज्ज्ञांचे.

चिकित्सेविषयी माझे मत थोडे परखड आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी ही आपली मेध्य द्रव्ये आहेत आणि मी ती वापरते. परंतु परीक्षेच्या हंगामात ‘स्मरणशक्तिवर्धक’ म्हणून बाटल्या विकणे आणि एडीएचडीची चिकित्सा करणे यांत फरक आहे. ब्राह्मीवर या विकारात झालेले अभ्यास लहान आहेत. त्यांच्या भरवशावर तज्ज्ञांनी दिलेले औषध बंद करावयास सांगणे हा गुन्हा म्हणावा लागेल. विषादाचे आधुनिक औषध एकाएकी सोडल्याने होणारा त्रास मी पाहिला आहे. आणि तो बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या तरी ‘ती केमिकलची गोळी बंद करा’ या वाक्यातून सुरू झालेला असतो. मेथिलफेनिडेट हे औषध अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे ते कोणत्याही मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. मुलीच्या बापाला त्यासाठी प्रवास करावा लागतो, आणि गावात ‘नशेची गोळी चालू आहे’ अशी कुजबुज होते. ही कुजबुज थांबविण्याचे काम आपण करू शकतो, कारण गावाचा आपल्यावर विश्वास असतो.

आपले खरे सामर्थ्य सत्त्वावजयात आणि दिनचर्येत आहे, हे मात्र मी पूर्ण विश्वासाने सांगेन. फक्त दिनचर्या म्हणजे श्लोकांचा तक्ता नव्हे. माझ्या त्या रुग्णेची मी पाच वेळांची औषधे दोन वेळांवर आणली आणि ती सकाळच्या दात घासण्याला व रात्रीच्या जेवणाच्या ताटाला बांधून टाकली. अनुपानाचे लाड कमी केले. दिवसाची कामे डोक्यात न ठेवता दारामागच्या फळीवर लिहावयाची, मोठे काम अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, झोपण्याची वेळ ठरलेली, अभ्यंग आठवड्यातून दोनदाच पण ठरलेल्या वारी. मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्षणे वाढतात असे तिच्या ध्यानात आले, तेव्हा त्या आठवड्यात नवे काम अंगावर घ्यावयाचे नाही असे ठरविले. आणि घरच्यांची एक बैठक घेतली. त्यात ‘निष्काळजी’ हा शब्द यापुढे कोणी वापरावयाचा नाही असे ठरले. तो शब्द मी स्वतः वापरला होता, हेही मी सर्वांसमोर सांगितले.

एक प्रश्न विचारण्यास आपण कचरतो. जगणे नकोसे वाटते का, तसा काही विचार मनात आला आहे का? असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारावे, एकांतात विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घेऊन तज्ज्ञांकडे पाठवावे. कापूस-सोयाबीनच्या आपल्या मुलखात फवारणीची औषधे घरातच असतात. ती कुलपात किंवा शेजारी ठेवण्यास सांगणे हाही चिकित्सेचा भाग आहे. टेली-मानस ही शासनाची दूरध्वनीसेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिचा 14416 हा क्रमांक मी आता माझ्या केसपेपरच्या पाठीवर छापून घेतला आहे.

जाता जाता एक गोष्ट. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येथे आले, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, पाणी, रक्त आणि गहू तपासले गेले. ते योग्यच झाले. केस गेलेले दिसतात. तिसरीपासून वर्गात बसून वर्गात नसलेली मुलगी कोणाला दिसत नाही, आणि तिच्यासाठी पथक येणार नाही.

परंतु एक पथक आधीच आहे, आणि ते आपले आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारीच काम करतात. आपल्या संघटनेचे कितीतरी सभासद त्यांत आहेत. त्या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तपासावयाच्या ज्या विकारांची यादी आहे, तिच्यात एडीएचडीचे नाव स्पष्टपणे आहे. तपासणीत दात, डोळे, हृदयाचे ठोके पाहिले जातात. हे नाव मात्र बहुधा कोरे राहते, आणि भरले गेलेच तर एखाद्या दंगेखोर मुलाच्या बाबतीत. पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशन शिबिरांचेही तसेच. दर महिन्याला त्याच माता, तीच मुले, दीड-दोन तास रांगेत. रांग मोडणारा मुलगा आपल्याला नावाने ठाऊक असतो. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बहिणीच्या आईला ‘हिच्या वस्तू हरवतात का? सांगितलेले निम्म्यात विसरते का? शाळेतून काय शेरे येतात?’ एवढे विचारावयास किती वेळ लागतो?

जिल्हा शाखेच्या पुढील सभेत या विषयावर एक सत्र ठेवावे, बाल स्वास्थ्य पथकांतील आपल्या सभासदांना त्यास आवर्जून बोलवावे आणि जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाच्या तज्ज्ञांना मार्गदर्शनासाठी निमंत्रित करावे, अशी लेखी सूचना मी या लेखाबरोबरच कार्यकारिणीकडे पाठवीत आहे.

त्या मुलीने राहिलेले विषय काढले. ती सध्या तज्ज्ञांचे औषध आणि माझी चिकित्सा दोन्ही घेते; औषध अधूनमधून चुकतेच, पण चुकले की फोन करून सांगते. मध्यंतरी तिची आई एकटीच आली होती. तिला कंबरदुखीचे औषध हवे होते. ते लिहून देत असताना तिने विचारले, ‘म्याडम, हे आईकडून येते म्हणता. मलाही शाळेत असताना असेच व्हायचे. माझी शाळा नववीत सुटली ती यानेच सुटली असेल का हो?’ मी कंबरदुखीचा कागद बाजूला ठेवला आणि तिला विचारले, ‘केव्हापासून?’